आधी फोन, मग पोतं: जुनी पुस्तकं आणि न लागणाऱ्या भेटवस्तू गरजेच्या हाती कशा द्याव्यात

मागच्या जूनमध्ये एका रविवारी सकाळी आमच्या वाचनालयाच्या पायरीवर तीन पोती दिसली. कोणी ठेवली, माहीत नाही. रात्रभर पाऊस झाला होता. आम्ही दोघींनी ती आत ओढली, सतरंजीवर रिकामी केली आणि निवडायला बसलो. बँकेच्या डायऱ्या, २००८ सालचं संगणकाचं गाईड, उत्तरं लिहून भरलेल्या व्यवसायमाला, कुठल्याशा कंपनीचे वार्षिक अहवाल. आणि दोन गाईडांच्या मध्ये दबलेली, कापडी बांधणीची जुनी ज्ञानेश्वरी. वरून कोरडी वाटली म्हणून आनंदाने उघडली, तर आतली पानं एकमेकांना चिकटून लगदा झालेली. तीन पोत्यांतून कामाची निघाली नऊ पुस्तकं. उरलेलं रद्दीवाल्याकडे न्यायला रिक्षा लागली, तिचे पैसे वाचनालयाने भरले.

पोती ठेवून जाणाऱ्याच्या मनात चांगलंच होतं, याबद्दल मला शंका नाही. कोणाला काय लागतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच. गेली अकरा वर्षं मी या वाचनालयात दान आलेली पुस्तकं निवडायला बसते. त्या अनुभवावरून, पहिल्यांदाच काही देऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

पायरी १: कपाट उघडण्याआधी फोन करा

बहुतेक जण घराची सफाई काढतात, नको त्याचा ढीग करतात आणि मग तो घेईल असं कोणी शोधायला लागतात. हा क्रम उलटा करा. आधी एक जागा ठरवा: गावाकडची जिल्हा परिषदेची शाळा, तालुक्याचं वाचनालय, एखादं वसतिगृह, स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका. तिथे फोन करून विचारा. मुलं कितवीपर्यंतची आहेत? घरी कुठली भाषा बोलतात? पुस्तकं ठेवायला कोरडी जागा आहे का? ती मुलांच्या हाती कोण देणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सध्या तुमचं कशावाचून अडलं आहे?

चार वर्षांपूर्वी मी एका दुर्गम वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत असाच फोन केला. म्हटलं, "गुरुजी, गोष्टींची शंभरेक पुस्तकं पाठवू का?" ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "बाई, पुस्तकं पाठवाच. पण आधी एखादं लोखंडी कपाट कुठे मिळतंय का बघा. मागची पुस्तकं उंदरांनी खाल्ली." आमच्या ओळखीत एक दवाखाना बंद होत होता, तिथलं कपाट मिळालं. ते टेम्पोने गेलं आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी पुस्तकं गेली. फोन केला नसता तर आम्ही उंदरांना आणखी शंभर पुस्तकं पाठवली असती.

वाचनालयांचीही एक अडचण समजून घ्या. शासनमान्य सार्वजनिक वाचनालय महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली चालतं. तिथे आलेल्या पुस्तकाची दाखल नोंदवहीत नोंद होते, त्याला क्रमांक पडतो. नंतर ते काढून टाकायचं तर निर्लेखनाची वेगळी प्रक्रिया करावी लागते. म्हणून ग्रंथपाल "सगळी नको, यादी पाठवा" म्हणाले तर राग मानू नका. उलट यादी मागणाऱ्या ठिकाणी तुमची पुस्तकं नीट सांभाळली जातील.

पायरी २: पुस्तकं निवडा, मनावर दगड ठेवून

जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरा. एकेक पुस्तक उघडून, कणा वर धरून हलकं आपटा. तपकिरी भुकटी पडली तर आत कीड आहे. पानांवर वेडेवाकडे खाल्लेले पट्टे म्हणजे कसर, मातीचा थर म्हणजे वाळवी. असं एक पुस्तक पेटीत गेलं तर महिन्याभरात शेजारची दहा जातील. ते बाजूलाच ठेवा. कुबट वास येणारी, बुरशीचे ठिपके असलेली पुस्तकं लहान मुलांच्या खोलीत तर अजिबात नकोत. बांधणी खिळखिळी झाली असेल आणि मजकूर चांगला असेल, तर मात्र बाइंडरकडे न्या. थोड्या पैशात पुस्तक पुन्हा उभं राहतं.

पानं चाळून बघाच. विजेची बिलं, फोटो, बाळाची पत्रिका, पिंपळाचं जाळीदार पान, काय काय निघतं. एकदा एका कादंबरीत मनिऑर्डरची पावती आणि तिच्या मागे आईने मुलाला लिहिलेल्या चार ओळी होत्या. आम्ही त्या घरचा पत्ता शोधून ती परत केली. पहिल्या पानावर "चि. ताईस, पाचवीत पहिली आल्याबद्दल, मामाकडून" असं लिहिलेलं असेल तर ते पान फाडू नका. वाचणाऱ्या मुलांना ते फार आवडतं, ती एकमेकांना दाखवतात. फोन नंबर किंवा पत्ता असेल तर तेवढा खोडा.

आता कोणाला काय द्यावं, ते सांगते.

गोष्टींची, चित्रांची, मोठ्या अक्षरातली मराठी पुस्तकं कधीच पुरत नाहीत. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक घरात असतील तर ते सोन्यासारखे आहेत, शाळेतली मुलं त्यांवर तुटून पडतात. सोप्या भाषेतली विज्ञानाची पुस्तकं, शब्दकोश, नकाशासंग्रह, चरित्रं, शेतीची आणि आरोग्याची माहितीपुस्तकं चालतात. इंग्रजी कादंबऱ्यांचे गठ्ठे मात्र वाडीवरच्या शाळेत पाठवू नका. त्या शहरातल्या महाविद्यालयाला किंवा जुन्या पुस्तकांच्या विक्रीला द्या.

शालेय पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत बहुतेकांची चूक होते. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तकं समग्र शिक्षा योजनेतून मोफत मिळतात. त्यामुळे तुमच्या मुलाची सहावीची पुस्तकं तिथे कोणाला लागत नाहीत. नववी ते बारावीची पुस्तकं उपयोगी पडतात, पण अभ्यासक्रम तोच असेल तर, आणि जूनच्या आत पोचली तर. ऑगस्टमध्ये आलेलं दहावीचं पुस्तक पुढच्या वर्षापर्यंत पडून राहतं. स्पर्धा परीक्षेचं तर त्याहून नाजूक. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. जुन्या बहुपर्यायी पद्धतीचे प्रश्नसंच कोणाला दिले तर त्या मुलाचे महिने वाया जातील. इतिहास, भूगोल, राज्यघटना यांची मूळ संदर्भपुस्तकं द्या. चालू घडामोडींचे मागच्या वर्षांचे अंक रद्दीत घाला.

थांबा, हे रद्दीत घालू नका

आजोबांच्या ट्रंकेत मोडी लिपीतले कागद, जुनी दप्तरं, हस्तलिखित पोथ्या, १९०९ च्या 'मनोरंजन' मासिकापासून सुरू झालेल्या परंपरेतले जुने दिवाळी अंक, गावच्या संस्थांच्या स्मरणिका असं काही असेल, तर ते शाळेलाही देऊ नका आणि पदपथावरही विकू नका. पुण्याचं १९१० सालचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, ठाण्याचं १८९३ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, अशा ठिकाणी आधी विचारा. प्रत्येक गोष्ट ते घेतीलच असं नाही, पण काय जपण्यासारखं आहे ते सांगतील. मी स्वतः एका घरी उशिरा पोचले होते. आदल्या दिवशी पंचाहत्तर किलो कागद रद्दीवाल्याने तोलून नेला होता. आजही त्या घरावरून जाताना मला ते आठवतं.

पायरी ३: विकून पैसे देणं हेही दानच

ज्या पुस्तकांना शाळेत जागा नाही ती विका आणि आलेले पैसे संस्थेला द्या. मुंबईत फ्लोरा फाउंटन, माटुंग्याचं किंग्ज सर्कल, पुण्यात अप्पा बळवंत चौक, इथल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांना कशाला मागणी आहे ते नेमकं कळतं. सोसायटीत एखाद्या रविवारी टेबल मांडून "कुठलंही पुस्तक तीस रुपये, पैसे अमुक संस्थेला" अशी पाटी लावली तर हातोहात विक्री होते. संस्थेचं नाव, जमलेली रक्कम आणि पावती सोसायटीच्या फलकावर लावा. तेवढ्याने पुढच्या वर्षी दुप्पट लोक येतात.

पायरी ४: आहेर, वाण, शाली आणि दिवाळीचे खोके

पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापलं तरी माळ्यावर डिनर सेट, भिंतीवरची घड्याळं, कॅसरोल आणि फोटोफ्रेम साठतातच. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला लुटलेल्या प्लास्टिकच्या डब्या, ओटीचे खण आणि ब्लाउजपीस तर घरोघर फिरत असतात. त्यातल्या काही गोष्टी खरोखर कामाच्या आहेत. फक्त त्या योग्य दाराशी न्यायला हव्यात.

ब्लाउजपीस आणि सुती कापड शिवणवर्ग चालवणाऱ्या महिला बचत गटाला द्या. शिकणाऱ्या मुलींना कापायला कापड लागतं आणि नवं घेणं त्यांना परवडत नाही. सत्कारात मिळालेल्या शाली डिसेंबरच्या आत वृद्धाश्रमात किंवा ऊसतोडणीच्या फडावर पोचवा. मार्चमध्ये देऊन काय उपयोग? न उघडलेल्या चादरी आणि टॉवेल मुलांच्या वसतिगृहाला बाराही महिने लागतात. डिनर सेट मात्र सहा जणांचा असतो आणि वसतिगृहात मुलं असतात साठ. तो विकून त्या पैशात स्टीलची ताटं घेऊन द्या. स्मृतिचिन्हं कोणालाच नको असतात. त्यावरची नावाची पट्टी काढून लाकडी पाट्या एखाद्या शाळेच्या क्रीडा स्पर्धांसाठी विचारून बघा. आमच्याकडे एका शाळेने बारा घेतल्या आणि नव्या पट्ट्या चिकटवून वापरल्या.

भेट देणाऱ्याचा मान ठेवा. नाव लिहिलेला कागद, शुभेच्छांचं कार्ड काढून घ्या. मावशीने दिलेली साडी मावशीच्याच गावी दान करू नका. वस्तू चालू आहे का, सगळे भाग आहेत का, मुदत संपली आहे का, ते तपासा. सुक्या मेव्याच्या खोक्यावरची तारीख बघितल्याशिवाय तो कोणाच्या हाती ठेवू नका.

कपड्यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदत म्हणून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्यांवर पडून राहिले. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या 'गूंज' या संस्थेने ते कपडे उचलले, निवडले आणि कामात आणले. 'गूंज'ची पद्धत मला फार पटते. गावाने आधी आपली विहीर, रस्ता, बांध असं काहीतरी श्रमदानाने करायचं आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे. घेणाऱ्याची मान ताठ राहते. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुमच्या शहरात 'गूंज'चं संकलन केंद्र असेल तर धुतलेले, घडी केलेले कपडे तिथे द्या. पूर आला की टीव्ही बघून जुने कपडे ट्रकमध्ये भरू नका. चिखल उपसणाऱ्या माणसाला त्या दिवशी फावडं, ब्लीचिंग पावडर, कोरडे मोजे, सॅनिटरी पॅड आणि पिण्याचं पाणी लागतं.

घरातलं आजारपण संपल्यावर, किंवा माणूसच गेल्यावर, खोलीत उरतात वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी. त्यांच्याकडे बघवत नाही आणि टाकवतही नाही. आपल्याकडे अनेक गावांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत. थोडी अनामत घेऊन ती या वस्तू गरजू घरांना वापरायला देतात. माझ्या वडिलांचा वॉकर मी तिथे दिला. महिन्याभराने तिथल्या काकांनी सांगितलं की सध्या तो पलीकडच्या आळीतल्या एका आजींकडे आहे आणि त्या अंगणापर्यंत चालतात.

पायरी ५: संस्था पारखून घ्या

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांची नोंदणी १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. पावतीवर बहुधा 'ई' किंवा 'एफ' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि जिल्हा असतो. तो विचारायला संकोच करू नका. चांगल्या संस्था आपणहून सांगतात. लेखापरीक्षण झालं आहे का, तेही विचारा. शक्य असेल तर एकदा जाऊन या.

प्राप्तिकराचं थोडक्यात: आपण 80जी म्हणतो ती वजावट पैशाच्या देणगीवर मिळते, वस्तूंवर नाही. २,००० रुपयांवरची रोख देणगीही त्यात धरत नाहीत, म्हणून चेक किंवा ऑनलाइन द्या. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट मिळतच नाही. परदेशातल्या मराठी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. भारतीय पासपोर्ट असेल तर परदेशी राहूनही तुमची देणगी भारतीय नागरिकाचीच मानली जाते. नागरिकत्व बदललं असेल तर, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच ती घेता येते. लंडनहून किंवा न्यू जर्सीहून खोका पाठवण्याचा खर्चही भारी पडतो. तुम्ही पुस्तकं तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या वाचनालयाला द्या.

पायरी ६: बांधा आणि पाठवा

पोतं नको, पुठ्ठ्याचा खोका घ्या. मोठा खोका भरला की उचलता येत नाही आणि तळ फाटतो. म्हणून दहा-बारा किलोंचेच खोके करा, आत प्लास्टिकचा कागद लावा, पुस्तकं आडवी ठेवा. वर यादी चिकटवा आणि एक प्रत आतही टाका.

थोडी पुस्तकं असतील तर टपाल खात्याने १ मे २०२५ पासून सुरू केलेली 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सोयीची आहे. ती सुरू झाली तेव्हा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असे दर ठेवले होते. पार्सल रस्त्याने जातं, त्यामुळे वेळ लागतो, पण माग काढता येतो. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. मासिकं, जाहिरातींची पुस्तकं त्यात चालत नाहीत. जास्त माल असेल तर एसटीचं पार्सल बघा, किंवा गावाकडे जाणाऱ्या कोणाच्या तरी गाडीत जागा मागा. पावसाळ्याचे चार महिने मी काहीच पाठवत नाही.

जे देण्याजोगं नाही ते कचऱ्याच्या बादलीत कोंबू नका. कागद, पुठ्ठा, पत्रा वेगवेगळा बांधून कचरावेचक ताईंच्या हाती द्या. पुण्यात 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ पासून या कष्टकऱ्यांची संघटना आहे आणि 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था जुन्या वस्तूंच्या संकलनाच्या मोहिमाही घेते. कोरडा, निवडलेला कागद म्हणजे त्यांची त्या दिवसाची कमाई.

पुढच्या खेपेला नवीन काय द्याल

हळूहळू जुन्याबरोबर नवंही द्यायला लागा. ६ डिसेंबरला आणि १४ एप्रिलला फुलं-मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन आणण्याचं आवाहन करणारे कार्यकर्ते आहेत. त्या वह्या पुढे मुलांपर्यंत जातात. संक्रांतीला प्लास्टिकच्या डबीऐवजी छोटं पुस्तक लुटा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रम २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या दारात फिरवतो. अशा पेटीसाठी वाढदिवसाला देणगी द्या. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर १८६४ सालचं आहे. २००५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पुराचं पाणी तिथल्या पुस्तकांत शिरलं. पुरानंतर वाचनालय उभं करायला कपाटं, रंग, वीजजोडणी आणि पगार लागतात. त्यासाठी पैसेच हवेत.

बालगृहात वाढदिवस करणार असाल तर कळकळीने सांगते, मुलांना रांगेत उभं करून फोटो काढू नका. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. आणि कायदा नसता तरी, केक घेताना कॅमेऱ्याकडे बघायला लावलेलं मूल मी पाहिलं आहे. तिथल्या अधीक्षकांना विचारा, या महिन्यात काय कमी पडतंय. बहुतेक वेळा उत्तर येतं: अंतर्वस्त्रं, चपला, खोबरेल तेल, डॉक्टरांची फी.

दिल्यावर दोन महिन्यांनी पुन्हा फोन करा. आभार ऐकायला नको, काय चुकलं ते विचारायला. कपाटवाल्या त्या शाळेत मी फोन केला तेव्हा गुरुजी जरा चाचरत म्हणाले, "चरित्रं तशीच आहेत हो. पण चित्रांची सगळी फाटली. मुलं झोपतानासुद्धा घेऊन जातात." पुढच्या खोक्यात आम्ही चाळीस चित्रांची पुस्तकं भरली आणि सोबत चिकटपट्टीची सहा रिळं.